व्हिएतनामची युद्धभुयारं: पहिल्यांदा खाली उतरणाऱ्यांसाठी

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी तिकडे जाऊन येऊ लागलं. परत आल्यावर हो ची मिन्ह सिटीजवळच्या युद्धभुयारांबद्दल ‘कू ची पाहिलं का?’ हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तरही बहुतेक वेळा तेच: ‘हो, पण गर्दी फार होती, गुडघे दुखले, दहा मिनिटांत बाहेर आलो.’ भुयार पाहायचं म्हणजे वाकून आत शिरायचं आणि धापा टाकत बाहेर यायचं, एवढाच समज असेल तर तक्रार याहून वेगळी होणार नाही. भुयारात खरं पाहायचं असतं ते हे की माणसं तिथे श्वास कसा घेत होती, चूल कशी पेटवत होती, धूर कुठे जात होता, पाणी कुठून येत होतं. ते समजून घ्यायचं तर कुठलं ठिकाण आधी, कुठलं नंतर, किती वेळ काढून आणि कुठल्या बुटांत, हे निघण्यापूर्वीच ठरवलेलं बरं.

पहिलं काम: काय पाहायचंय ते ठरवा

व्हिएतनाममधल्या जमिनीखालच्या युद्धस्थळांच्या ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली सरकारची आणि सेनापतींची: काँक्रीटचे बंकर, पोलादी दारं, नकाशे, टेलिफोन. हो ची मिन्ह सिटीतल्या इंडिपेंडन्स पॅलेसचं तळघर आणि हनोईच्या थांग लाँग किल्ल्यातला डी ६७ ही यातली सहज पाहता येणारी ठिकाणं. तिथे ताठ उभं राहून चालता येतं. दुसरी जात अमेरिकेशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांची: लढायला, लपायला आणि अचानक बाहेर पडून मारा करायला खणलेली मातीची अरुंद भुयारं. कू ची या जातीतलं. तिसरी जात गावकऱ्यांची. क्वांग त्री भागातल्या विन्ह मोकला एक अख्खं कोळ्यांचं गाव बॉम्बपासून वाचायला जमिनीखाली राहायला गेलं होतं.

सहलीच्या बहुतेक कंपन्या यातलं कू चीच दाखवतात, कारण ते शहरापासून अर्ध्या दिवसात उरकतं. माझं मत विचाराल तर तिन्हींपैकी एकच पाहायला वेळ असेल तेव्हा विन्ह मोक पाहावं. पण नवख्या माणसाने थेट तिथे किंवा कू चीला जाऊ नये. आधी ताठ चालता येणारा बंकर, मग वाकावं लागणारं भुयार, असा चढता क्रम ठेवला की शरीर आणि मन दोन्ही तयार होतात.

ऋतू आणि व्हिसा

भारतीयांना व्हिसा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा म्हणून मिळतो. मिळत्याजुळत्या नावाच्या दलालांच्या साइट्स पुष्कळ आहेत, तिथे दुप्पट-तिप्पट पैसे जातात. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा. वडिलांचं नाव आणि आडनाव यांची आपल्याकडची सरमिसळ तिथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगत बसणं जिवावर येतं.

ऋतूचं मात्र नीट पाहा, कारण व्हिएतनाम लांबट देश आहे आणि सगळीकडे एकाच वेळी पाऊस पडत नाही. दक्षिणेत, म्हणजे कू चीकडे, साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. मध्य किनाऱ्यावर, म्हणजे विन्ह मोककडे, सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत जोरदार पाऊस आणि वादळं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना नेमका हाच काळ सापडतो. त्या दिवसांत विन्ह मोकच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि हुए शहराकडून येणारा रस्ता पुरामुळे अडू शकतो. दोन्ही भुयारं एकाच सहलीत हवी असतील तर फेब्रुवारी-मार्च उत्तम.

घरीच एक चाचणी घ्या

गुडघे आणि कंबर दोन्ही वाकवून, ओणव्याने, घरातल्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीन मिनिटं येरझाऱ्या घाला. मांड्या भरून आल्या, दम लागला, कंबर धरली, तर कू चीचं पर्यटकांसाठी ठेवलेलं भुयार तुम्हाला जड जाईल. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, मणक्याचा त्रास असलेले, दम्याचे आणि हृदयरोगाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया यांनी वरूनच पाहावं. वरूनही पाहण्यासारखं पुष्कळ आहे, त्यामुळे तिकीट वाया जात नाही.

बंद जागेची भीती ही गोष्ट वेगळी. ती ताकदीवर अवलंबून नसते. रोज व्यायामशाळेत जाणाऱ्याचीही आत शिरल्यावर पाचावर धारण बसलेली पाहिली आहे. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली तर तुमचं काय होतं, हे तुम्हाला माहीत असतंच. खात्री नसेल तर आधी दौलताबादला जाऊन या. देवगिरी किल्ल्याची ‘अंधारी’ हाही शत्रूला फसवण्यासाठी खडकात कोरलेला लष्करी भुयारी मार्गच आहे. तिथे वळणावळणाच्या काळोखात मन कसं वागतं ते कळतं, वर वटवाघळांच्या वासाचीही सवय होते. मुंबईत मलबार हिलच्या राजभवनाखाली २०१६ साली ब्रिटिशकालीन बंकर सापडला. आता तिथे क्रांतिकारकांवरचं दालन आहे आणि आधी नोंदणी करून जाता येतं. तो प्रशस्त आहे, त्यामुळे ओणवं चालण्याची तालीम तिथे होत नाही, पण जमिनीखालचा बंकर म्हणजे काय याचा अंदाज येतो.

अंगावर काय, पाठीवर काय

पूर्ण लांबीची, सैल, मळखाऊ रंगाची पँट. अर्धी चड्डी घालून गेलात की गुडघे सोलवटतात. पायात मागून बंद असलेले, तळव्याला पकड असलेले बूट; फ्लोटर्स चालतात, चप्पल नको. स्त्रियांनी ओढणी बसमध्येच ठेवावी. घामाने निथळणार हे गृहीत धरून एक कोरडा टी-शर्ट बरोबर ठेवा.

उजेडासाठी कपाळाला बांधायची टॉर्च घ्या. मोबाइलची टॉर्च हातात धरली की एक हात अडकतो, आणि ओणवं चालताना दोन्ही हात भिंतीला, जमिनीला टेकायला लागतात. पाठीवरची सॅक आत नेऊ नका. ती छताला घासते, तुम्ही अडकता आणि मागचे सगळे अडकतात. अगदीच न्यायची तर लहान पिशवी पोटाशी. डासांचं मलम वर जंगलात चालण्यासाठी लावायचं. आत शिरायच्या तोंडावर फवारा मारू नका, त्या कोंदट हवेत मागच्या माणसाला ठसका लागतो.

पहिला दिवस: शहरातली तळघरं

हो ची मिन्ह सिटीत उतरल्यावर पहिली सकाळ इंडिपेंडन्स पॅलेसला द्या. तेव्हा देशाचे दोन भाग होते, उत्तर कम्युनिस्टांकडे आणि दक्षिण अमेरिकेच्या पाठिंब्यावर; हा दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा. न्गो व्हिएत थू या वास्तुकाराने आखलेली ही इमारत १९६६ साली पूर्ण झाली. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे हिचंच फाटक मोडून आत शिरले आणि युद्ध संपलं. बहुतेक लोक वरचे दिवाणखाने पाहून गच्चीवरच्या हेलिकॉप्टरबरोबर फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही खाली जा. अरुंद बोळ, भिंतीवर भलेमोठे युद्धनकाशे, ओळीने मांडलेले रेडिओ संच, रंगीत टेलिफोन, राष्ट्राध्यक्षांसाठी एक साधी खाट. ८ एप्रिल १९७५ रोजी दक्षिणेच्याच हवाई दलातल्या, पण आतून उत्तरेला मिळालेल्या एका वैमानिकाने याच इमारतीवर बॉम्ब टाकले. ते कुठे पडले त्याच्या खुणा वर दाखवल्या आहेत. त्या पाहून मग तळघरात उतरलात तर तिथली जाड भिंत कशासाठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी वेळ उरला तर पूर्वीच्या डिस्ट्रिक्ट ३ मधल्या न्गुयेन दिन्ह चिएउ रस्त्यावरच्या गल्लीत एक चिंचोळं घर आहे, तिथे जा. सायगॉनमधल्या (हो ची मिन्ह सिटीचं जुनं नाव) कम्युनिस्टांच्या भूमिगत पथकाने या घराच्या फरशीखाली जवळजवळ दोन टन शस्त्रं दडवली होती. १९६८ च्या तेत, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणातल्या हल्ल्यात, राजवाड्यावर चाल करून जाताना, ती बाहेर निघाली. फरशीचा एक तुकडा उचलला की खाली उतरायची जागा दिसते. पाहायला वीस मिनिटं पुरतात. गर्दी नसते. शेजारी लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा आवाज बेताचा ठेवा.

कू ची: कुठल्या दाराने जायचं

कू चीला पर्यटकांसाठी दोन जागा आहेत, बेन दिन्ह आणि बेन डुओक. बेन दिन्ह शहराला जवळ, त्यामुळे बहुतेक बसगाड्या तिथेच जातात. बेन डुओक आणखी वीसेक किलोमीटर पुढे, जास्त मोकळं, आणि तिथे एक स्मृतिमंदिर आहे, ज्याच्या भिंतींवर युद्धात मारल्या गेलेल्या ४४ हजारांहून अधिक लोकांची नावं कोरलेली आहेत. तिकीट काढताना किंवा सहल ठरवताना ‘कू ची टूर’ एवढ्यावर थांबू नका, दोन्हींपैकी कुठलं हे स्पष्ट विचारा. चारजणांचं कुटुंब असेल तर गाडी करून बेन डुओकला जाणं मला केव्हाही बरं वाटतं. एकटे असाल तर छोट्या गटाची सहल घ्या आणि पहिल्या गाडीने निघा; दहा वाजल्यानंतर बेन दिन्हला रांगा लागतात आणि उकाडाही वाढतो.

आणखी एक गोष्ट विचारायची: वाटेत कुठे थांबणार? पुष्कळ गाड्या हस्तकलेच्या एका कारखान्यात थांबतात. तिथलं लाखकाम सुरेख असतं, पण भुयारासाठी ठेवलेल्या वेळातला पाऊण तास जातो.

सायगॉन नदीतून स्पीडबोटीनेही जाता येतं. महाग आहे, पण ज्येष्ठांना बरं पडतं, रस्त्यावरची कोंडी टळते.

कू ची: वरून पाहायचं ते आधी

या भुयारांची सुरुवात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात झाली. अमेरिकनांच्या काळात ती वाढत वाढत एकूण अडीचशे किलोमीटरच्या आसपास गेली, असं तिथे सांगतात. ती टिकली ती मातीमुळे. इथली लाल जांभ्यासारखी चिकणमाती ओली असताना कुदळीने खणता येते आणि वाळली की कडक होते. खणलेली माती वर ढिगाने दिसली असती तर विमानातून ठिकाण कळलं असतं, म्हणून ती रात्रीत टोपल्यांनी वाहून बॉम्बच्या खड्ड्यांत, नदीत, शेतात पसरली जायची.

गाइड गोष्टी सांगत पुढे पळतो. त्याला तीन ठिकाणी थांबवा.

पहिलं, वारूळ. जंगलात दिसणारी काही वारुळं खोटी असतात, त्यांच्या पोटात हवेची नळी असते. अमेरिकनांची कुत्री वास घेत तिथवर यायची, म्हणून नळीच्या तोंडाशी मिरचीची पूड टाकायचे, अमेरिकन साबण ठेवायचे. कुत्र्याला आपल्याच छावणीचा वास आला की ते पुढे जायचं. खाली वाकून त्या भोकाशी हात धरा. आतून येणारी कोमट हवा तळहाताला लागते.

दुसरं, स्वयंपाकघर. याला होआंग कॅम चूल म्हणतात. होआंग कॅम हा फ्रेंचांविरुद्धच्या युद्धातला सैनिकी आचारी, त्याने ही रचना बसवली. चुलीचा धूर सरळ वर सोडला तर झाडांवरून धुराची रेघ दिसणार आणि तोफेचा गोळा येणार. म्हणून चुलीतून धूर आधी जमिनीखालच्या एका पोकळीत जातो, तिथून पुढच्या पोकळीत, मग पानांनी झाकलेल्या लांब चरांतून सावकाश झिरपत, थंड होत, मुळाशी पसरतो. स्वयंपाक पहाटे, धुक्यात करायचे. बऱ्याचदा तिथे चूल पेटवून दाखवतात. तेव्हा चुलीजवळ उभं राहण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा पावलं लांब जाऊन जमिनीकडे पाहा. पाचोळ्यातून निघणारा पांढुरका वाफारा गुडघ्याच्या वर येत नाही.

तिसरं, झाकण. पाचोळ्याखाली लाकडी फळीचं एक झाकण, लांबी-रुंदीला दीड-दोन विती. गाइड त्यात उतरतो, झाकण डोक्यावर ओढून घेतो आणि जमीन पूर्ववत होते. मग पर्यटकांना आमंत्रण. उतरायचं तर दोन्ही हात डोक्यावर सरळ वर, खांदे तिरके, श्वास सोडून खाली. बाहेर येताना कोपर काठावर टेकवून जोर लावायचा. खांदे रुंद असतील, पोट सुटलेलं असेल तर हसून नको म्हणा. अडकलेल्या माणसाला ओढून काढताना सगळा गट मोबाइल घेऊन उभा असतो.

बांबूच्या टोकदार खुंट्यांचे सापळे रांगेने मांडलेले आहेत. तिथे मुलं खिदळतात, मोठेही. पण हे सापळे खऱ्या माणसांसाठी होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या अमेरिकन म्हाताऱ्याचा भाऊ त्यात गेला असू शकतो.

कू ची: आत शिरताना

पर्यटकांसाठीचं भुयार मूळच्यापेक्षा रुंद आणि उंच केलेलं आहे, मंद दिवे आहेत, आणि मध्येमध्ये बाहेर पडायला वाटा आहेत. मूळ भुयारांची उंची बऱ्याच ठिकाणी जेमतेम मीटरभर होती. ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन सैन्यातले चणीने लहान सैनिक पिस्तूल आणि टॉर्च घेऊन त्यात उतरायचे. १९६६ च्या जानेवारीत ‘ऑपरेशन क्रिंप’ झालं तेव्हा ऑस्ट्रेलियन अभियंत्यांनी ही भुयारं आत शिरून धुंडाळायला सुरुवात केली. वर्षभराने ‘सीडर फॉल्स’मध्ये तीस हजारांच्या आसपास फौज या भागात उतरली, तरी जाळं संपलं नाही.

शिरण्याची रीत अशी. गाइड पुढे. त्याच्या मागे धीट माणसं आणि मुलं. ज्याला भीती वाटण्याची शक्यता आहे त्याला सर्वांत शेवटी ठेवा, आणि त्याच्या लगेच पुढे घरचंच माणूस. लोक नेमकं उलटं करतात, घाबरणाऱ्याला मध्ये घेतात, म्हणजे पुढे-मागे सोबत राहील. पण मध्ये असलेल्याला माघारी वळता येत नाही, शेवटच्याला येतं.

पुढच्या माणसापासून दीड-दोन हातांचं अंतर ठेवा. त्याचा बूट तोंडावर बसू शकतो. गुडघ्यावर रांगण्यापेक्षा उकिडवं बसून बदकासारखं चालणं बऱ्याच जणांना सोपं जातं, पण गुडघे नाजूक असतील तर हातापायांवर या. छताला डोकं लागतंच, टोपी घाला. जीव घाबरा झाला तर थांबा, खाली बसा, पाठ भिंतीला टेका, तोंडाने सावकाश श्वास सोडा आणि पुढच्याला ‘थांब’ म्हणून सांगा. पुढची बाहेरची वाट आली की निघा. शंभरेक मीटरचा तो मार्ग पूर्ण केला की पदक मिळत नाही. पहिल्या वाटेने बाहेर आलात तरी भुयार कळतं.

आत असताना दोन गोष्टी पाहायच्या. वाट सरळ नाही, दर काही पावलांवर वळते; स्फोटाचा धक्का आणि बंदुकीची गोळी सरळ जाऊ नये म्हणून. आणि मूळ रचनेत काही जागी पाणी भरलेली खोलगट वळणं होती. विषारी वायू सोडला तर तो तिथे अडायचा, बेसिनखालच्या वाकड्या नळीत थांबलेलं पाणी गटाराचा वास अडवतं तसा. वर यायचं तर माणसाला श्वास रोखून त्या पाण्यातून जावं लागे.

बाहेर आल्यावर उकडलेला कसावा आणि दाण्याचं कूट-तीळ-मीठ-साखर यांचं मिश्रण खायला देतात. ज्याच्यापासून साबुदाणा होतो तोच हा कंद, त्यामुळे चव अगदी परकी वाटत नाही. भुयारातल्या लोकांचं हे रोजचं अन्न होतं. शाकाहारी मंडळींनी बिनधास्त खावं.

मग येतं गोळीबाराचं मैदान. एके-४७, एम-१६ भाड्याने, गोळ्या मोजून विकत. मला ते तिथे नकोसं वाटतं. कू चीचं जंगल शांत असतं तेव्हा जे कळतं ते त्या धडधडाटात पुसलं जातं. जायचंच असेल तर सगळं पाहून झाल्यावर शेवटी जा, कानाला मफ लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

विन्ह मोक: इथे घाई करू नका

हुए किंवा डोंग हा इथे मुक्काम करा. डोंग हाला रेल्वे स्टेशन आहे, तिथून विन्ह मोक चाळीसेक किलोमीटर. हुएहून निघणाऱ्या दिवसभराच्या बससहलीत हिएन लुओंगचा पूल, विन्ह मोक आणि थेट लाओस सीमेजवळचं खे सान हे सगळं कोंबलेलं असतं. खे सानच्या अमेरिकी तळाला १९६८ साली ७७ दिवसांचा वेढा पडला होता, जागा महत्त्वाची आहे, पण ती आडवाटेला आहे आणि तिच्या पायी विन्ह मोकला जेमतेम तास मिळतो. त्यापेक्षा गाडी ठरवून पूल आणि विन्ह मोक एवढंच करा.

पूल आधी. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर बेन हाय नदीजवळून, सतराव्या अक्षांशावर, देशाचे दोन तुकडे झाले. पुलाचे दोन अर्धे दोन रंगांचे. दोन्ही काठांवरून भोंग्यांनी प्रचार चालायचा, कुणाचा झेंडा उंच यावर चढाओढ. या करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी इथे तैनात होते हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

विन्ह मोक या सीमेच्या उत्तरेला, समुद्राकाठी. समोर कोन को बेट. गावातून त्या बेटाला रसद जाते या संशयावरून गावावर बॉम्ब पडू लागले. गावकऱ्यांना दोनच रस्ते होते, गाव सोडणं किंवा खाली जाणं. १९६६ पासून त्यांनी लाल मातीच्या टेकाडात खणायला सुरुवात केली. आधी दहा मीटरवर. मग इतक्या खोलवर घुसून फुटणारे बॉम्ब येऊ लागले, तेव्हा आणखी खाली, तीस मीटरपर्यंत. १९७२ पर्यंत साठेक कुटुंबं तिथे राहिली.

कू चीनंतर इथे आलात तर पहिला धक्का म्हणजे तुम्ही चालू शकता. उंच माणसाला मान वाकवावी लागते, एवढंच. भुयारं मूळचीच आहेत, रुंद केलेली नाहीत. लढण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी खणल्याचा हा फरक. मुख्य बोळाच्या दोन्ही बाजूंना कोनाडे आहेत, चटई पसरली की संपले एवढे. एका कोनाड्यात एक कुटुंब. टॉर्च बंद करून त्यात मिनिटभर बसा. डोकं छताला लागतं, पाय बोळात येतात, भिंतीवर हात फिरवला तर कुदळीच्या खाचा बोटांना लागतात आणि बोटं ओली होतात. इथे आई-बाप आणि दोन मुलं झोपायची.

पुढे विहीर, स्वयंपाकघर, पन्नासेक माणसं बसतील एवढी सभेची जागा, आणि बाळंतिणीची खोली. युद्धाच्या त्या वर्षांत या भुयारात १७ मुलं जन्मली. एकही गावकरी भुयारात असताना मेला नाही. एकच बॉम्ब थेट भुयारावर पडला, तो फुटलाच नाही. त्याने पाडलेलं भोक लोकांनी हवेसाठी वापरलं.

पाहण्याची रीत: वरच्या दाराने शिरा, पायऱ्या उतरत तिन्ही पातळ्या करा आणि समुद्राकडच्या दाराने बाहेर पडा. एकूण १३ दारं, त्यातली ७ समुद्राकडे. वारा तिथूनच आत यायचा. कठडा असेल तिथे धरा, पायऱ्यांवर शेवाळ असतं. टॉर्च इथे हवीच, दिवे आहेत पण सलग नाहीत, वीज जातेही. गाइड घेतला नाही तर गट चुकू शकतो. फाटे पुष्कळ आहेत. दीड-दोन तास द्या, संग्रहालयासह.

हनोई, उरलेल्या वेळात

थांग लाँग किल्ल्याच्या आवारातलं डी ६७ हे घर १९६७ साली बांधलं गेलं. वर बैठकीचं टेबल, खुर्च्यांसमोर नेत्यांच्या नावाच्या पाट्या, त्यात उत्तरेचे सेनानी जनरल व्हो न्गुयेन याप यांचीही. पायऱ्या उतरून साधारण नऊ मीटर खाली गेलं की पोलादी दारं, हवा गाळण्याची यंत्रं आणि बैठकीच्या खोल्या. किल्ल्याच्या तिकिटातच हे येतं, आणि ज्येष्ठांना घेऊन जायला भुयारांतलं हेच सगळ्यात सोयीचं. मेट्रोपोल हॉटेलच्या अंगणाखालचा बंकर २०११ मध्ये दुरुस्तीच्या वेळी पुन्हा सापडला. तो मुख्यतः तिथे उतरलेल्या पाहुण्यांना दाखवतात, तेव्हा आधी चौकशी करूनच जा.

ज्यांना इतिहासाचा किडा चावलेला आहे त्यांनी फ्रेंचांविरुद्धच्या शेवटच्या मोठ्या लढाईचं ठिकाण असलेल्या दिएन बिएन फूला जावं. ए-वन टेकडीखाली भुयार खणून, त्यात जवळजवळ टनभर स्फोटकं भरून, व्हिएतनामी सैन्याने ६ मे १९५४ च्या रात्री ती उडवली. तो खड्डा अजून आहे. दुसऱ्या दिवशी फ्रेंच शरण आले.

हे करायचं नाही

स्थानिक कुणीतरी मोटारसायकलवर येऊन ‘न दाखवलेलं भुयार दाखवतो’ म्हणतो. जायचं नाही. बंद पडलेल्या भुयारात हवा साचून कुजलेली असते, प्राणवायू कमी असतो, आणि ते समजायच्या आत माणूस भोवळ येऊन पडतो. पावसाने छत ढिलं झालेलं असतं. साप असतात. आणि क्वांग त्रीमध्ये तर वाटेखाली उतरायचंच नाही: जगातल्या सर्वाधिक बॉम्ब पडलेल्या प्रदेशांपैकी हा एक, न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात. फोटोसाठी झुडपात शिरणं, लघवीसाठी रस्त्याकडेला आत जाणं, गंजलेला लोखंडाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं, सगळं वर्ज्य. डोंग हामध्ये सुरुंगनिर्मूलनाचं एक माहितीकेंद्र आहे. मुलं बरोबर असतील तर आधी तिथे न्या, मग वेगळं बजावावं लागत नाही.

गाइडशी बोलताना

तिथे या युद्धाला अमेरिकेविरुद्धचं युद्ध म्हणतात. कू चीला सुरुवातीला दाखवतात ती जुनी कृष्णधवल फिल्म निखालस प्रचाराची आहे. दक्षिणेकडून लढलेल्या व्हिएतनामींची बाजू या स्थळांवर ऐकायला मिळत नाही. ज्या गाइडचं कुटुंब तिकडचं होतं तो गाडीत, चहा पिताना, हळूच काहीतरी सांगतो. सगळ्यांसमोर त्याला त्यावर छेडू नका.

आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर तुम्हीही वाचला असेल: व्हिएतनामने शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून अमेरिकेला हरवलं, तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर तसं लिहिलंय, वगैरे. त्याला आधार नाही. गाइडला ते अभिमानाने विचारलं की तो नम्रपणे मान हलवतो आणि गट खूश होतो, त्यातून सिद्ध काहीच होत नाही. महाराजांची थोरवी त्या फॉरवर्डवर अवलंबून नाही. विचारायचंच तर धूर, माती, पाणी यांबद्दल विचारा. तिथे गाइड खुलतो.

बेन डुओकच्या स्मृतिमंदिरात गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. उदबत्ती लावता येते, फोटो विचारून.

निघताना बॅग तपासा

गोळीबाराच्या मैदानावर गेला असाल तर खिसे, पिशव्या, मुलांचे खिसे उलटे करून पाहा. जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या मुलं हमखास उचलतात. दुकानांत गोळीचे लायटर, गोळीची लॉकेटं, जुन्या काडतुसांची पेनं विकायला असतात, घेऊ नका. विमानतळाच्या स्कॅनरवर पुंगळी ही गोळीच दिसते आणि मग बाजूच्या खोलीत बसून ती रिकामी आहे हे पटवत बसावं लागतं. त्यात खरं काडतूस निघालं तर भारतात शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. टायर कापून केलेल्या चपला मात्र जरूर घ्या. कू चीला तुमच्यासमोर बनवून देतात आणि पावसाळ्यात छान चालतात.